ब्रेक आणि उष्णता

1897 सालची गोष्ट. इंग्लंडातील डर्बीशर परगण्याच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक धडपड्या गृहस्थ राहत असे. उतारावर घोडागाडी आवरण्यासाठी तिकडे चाकावर लाकडी ठोकळा दाबीत. घर्षणाने तो ठोकळा करपे, म्हणून शेतकरी त्यावर जुन्या बुटाचे चामडे ठोकून देत. फ्रूडने ही युक्ती पाहिली आणि याहून टिकाऊ अस्तर तयार करण्याचा ध्यास घेतला. त्याच ध्यासातून ब्रेक-लायनरचा धंदा उभा राहिला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून आणि पत्नी एलिझाबेथ हिच्या नावाचे आद्याक्षर त्यात मिसळून त्याने ‘फेरोडो’ हे नाव घडविले. पुढे या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आले, आणि ते फुप्फुसांना घातक ठरल्यामुळे अनेक देशांतून हद्दपारही झाले.

चामडे असो वा ॲस्बेस्टॉस, प्रश्न एकच होता. ब्रेक वेगाला नाहीसा करीत नाही. तो त्याची उष्णता करतो. मालासह तीन हजार किलोग्रॅम भरणारी पिकअप ताशी 100 किलोमीटर वेगावरून थांबविली, तर निर्माण होणारी उष्णता जवळजवळ पावणेचार लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. एवढा ताप जावा कोठे?

ड्रम-ब्रेकमध्ये तो कोंडतो. ड्रम तापला की प्रसरण पावून आतल्या लायनरपासून दूर सरकतो, घर्षण मंदावते आणि चालकाचा पाय पेडलवर व्यर्थ जोर करीत राहतो. उघड्या वाऱ्यात फिरणारी धातूची तबकडी दोहों बाजूंनी दाबावी, ही कल्पना इंग्रज यंत्रविद फ्रेडरिक लँचेस्टर याने 1902 मध्येच पेटंटात नोंदविली होती. परंतु तिला साजेसे अस्तर तेव्हा नव्हते. अर्ध्या शतकाने, 1953 च्या जून महिन्यात, फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क-ब्रेकची जॅग्वार पहिली आली. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती चालविली. त्या शर्यतीत सरासरी वेगाने ताशी शंभर मैलांची मर्यादा प्रथमच ओलांडली. मोठ्या इंजिनांचे प्रतिस्पर्धी वळणापूर्वी लांबूनच वेग कमी करीत, तर जॅग्वार अगदी जवळ जाऊन ब्रेक लावी.

पिकअपचा इतिहास याहून सावकाश चालला. फोर्डने 1925 मध्ये ‘मॉडेल टी’वर कारखान्यातच तयार केलेला पिकअपचा हौदा बसविला. या साध्या गाडीवर माल मात्र चढतच गेला. अमेरिकेत शेव्हरोलेच्या पिकअपना पुढच्या चाकांवर डिस्क-ब्रेक सर्रास मिळू लागले ते 1971 पासून. आजही पुष्कळ पिकअपना मागे ड्रमच असतात.

डिस्क आली आणि तिच्याबरोबर एक तक्रारही आली. ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते, पेडल पायाखाली धडधडते. गॅरेजमध्ये निदान ठरलेले: डिस्क वाकडी झाली. कॅरोल स्मिथ या अमेरिकन शर्यत-अभियंत्याने या निदानाला जाहीर आव्हान दिले. त्याच्या मते अशा बहुतेक प्रकरणांत धातू वाकलेला नसतोच. तापलेल्या पॅडचे द्रव्य डिस्कवर कोठे जाड, कोठे पातळ चिकटलेले असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-तीन पट फरकही पायाला जाणवतो. त्या डागांखालचे लोखंड अधिक तापते, आणि ताप फार वाढला की तेथे त्याचे सिमेंटाइट नावाच्या कठीण संयुगात रूपांतर होते. मग लेथवर डिस्क घासून आणली तरी थरथर काही दिवसांनी परत येते. नवी डिस्क बसविताना हबवरचा गंज न खरवडणे, किंवा चाकाचे नट कमीअधिक जोराने आवळणे, यानेही डिस्क किंचित डुलते आणि काही हजार किलोमीटरांत ठिकठिकाणी झिजून असमान होते.

म्हणूनच उपाय खर्चिक नाहीत. हब स्वच्छ करावा; नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने सारखे आवळावेत. नवे पॅड घातल्यावर गाडी पुरती न थांबविता मध्यम जोराने अनेकदा वेग उतरवावा, आणि मग ब्रेक न लावता ती चालवून डिस्क निवू द्यावी.

खरी कसोटी घाटात. बेळगावचा भाजीपाला घेऊन चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणारी पिकअप घ्या. भरल्या गाडीने 500 मीटर उंची उतरली, तर सारा भार ब्रेकवर पडल्यास सुमारे 48 लिटर पाणी उकळेल इतका ताप त्यांना सोसावा लागतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक हाच सौदा करीत असतो. डिझेल फारसे वाचतच नाही आणि ब्रेक मात्र जळतात. चढाला जो गिअर लागतो तोच किंवा त्याखालचा उतारालाही ठेवला, तर त्यातील मोठा वाटा इंजिन उचलते. पेडलवर पाय सतत टेकवून ठेवू नये. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबावा आणि सोडून द्यावा. ब्रेक-ऑइल हवेतले पाणी शोषते व त्यामुळे कमी तापमानाला उकळते. ते दर दोन वर्षांनी बदलले नाही, तर नेमक्या अशा उतारावर पेडल तळाशी जाते आणि गाडी थांबत नाही. घाट उतरून नाक्यावर उभे राहिल्यावर तापलेला ब्रेक दाबून धरू नये, कारण पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो तो तेथेच. जागा सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगडाची उटी लावावी, आणि डिस्क निवेपर्यंत पेडलला पाय लावू नये.