करुणाजन्य थकवा

दुःखितांची सतत शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, समुपदेशक किंवा रुग्णाच्या नातेवाइकांना येणारी मानसिक व शारीरिक शिणावस्था. कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये परिचारिकांसंदर्भात ही संज्ञा वापरली. चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. भावनिक बधिरता, चिडचिड, निद्रानाश, रुग्णाला टाळावेसे वाटणे व त्यातून येणारी अपराधी भावना ही लक्षणे होत. या थकव्याशी मिळताजुळता बर्नआउट (कार्यजन्य शिणावस्था) कामाच्या ताणातून हळूहळू वाढतो. करुणाजन्य थकव्याची अवस्था मात्र अचानकही उद्भवू शकते. बेथ स्टॅम यांच्या ३० विधानांच्या प्रश्नावलीने तिची पातळी अजमावतात. पुरेशी झोप, जबाबदारीची वाटणी, सहकाऱ्यांशी मोकळा संवाद आणि गरजेनुसार समुपदेशन यांनी ती ओसरू शकते. मात्र मनुष्यबळच अपुरे असल्यास केवळ वैयक्तिक उपाय पुरत नाहीत.