पत्त्यावरून ठरलेला अपराध

ईमेलमधला कचरा अडवायचा तर काळी यादी, म्हणजे कचरा पाठवणाऱ्या पत्त्यांची नोंद, हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय, असं मेल सर्व्हर सांभाळणारी बहुतेक मंडळी मानतात. हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याचे आकडे उलट्या क्रमानं लावून डीएनएस या इंटरनेटच्या नाव-पत्ता यंत्रणेमार्फत यादीला विचारायचं, १२७.०.०.२ असं उत्तर आलं की पत्ता यादीत आहे, दार बंद. पत्र उतरवून घेण्याआधीच निकाल लागतो. १९९७मध्ये पॉल व्हिक्सी यांनी सुरू केलेल्या यादीपासून आजच्या स्पॅमहाउसपर्यंत या पद्धतीनं अफाट कचरा थोपवला आहे, हे मान्यच करायला हवं.

तरीही केवळ यादीच्या शब्दावर पत्र नाकारणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. यादी पत्र वाचत नाही, पाठवणाऱ्याला ओळखत नाही. ती फक्त पत्ता बघते, आणि त्या पत्त्यावर किती जण राहतात याचा तिला पत्ताच नसतो.

भोर-वेल्ह्यातला इंद्रायणी तांदूळ विकणारा शेतकरी गट किंवा एखादी छोटी पतसंस्था स्वतःच्या नावाचं डोमेन घेते, तेव्हा तिला परवडतं ते शेअर्ड होस्टिंग. एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळं नांदतात. त्यातल्या एकाचं जुनं वर्डप्रेस कोणी फोडलं आणि रात्रीतून हजारो पत्रं सुटली, की सकाळी सगळ्यांचा पत्ता यादीत. मग गटानं पुण्याच्या व्यापाऱ्याला धाडलेलं दरपत्रक ५५० हा नकाराचा आकडा आणि दोन ओळी तांत्रिक इंग्रजी घेऊन परत येतं. यादीतून नाव काढायचा अर्ज करावा, तर सर्व्हर आपला नाही. होस्टिंगवाला मनावर घेईल तेव्हा. आणि पत्र परत आलं हेही नशीबच म्हणायचं. काही सर्व्हर ते गुपचूप गिळतात. व्यापाऱ्याला वाटतं गटानं दर कळवला नाही, गटाला वाटतं व्यापाऱ्यानं उत्तर दिलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग जीमेल वापरा. खरं आहे, मोबाइलवरून जीमेलनं पाठवलेल्या पत्राला ही अडचण सहसा येत नाही. पण का येत नाही? जीमेलवरून कचरा येत नाही म्हणून नव्हे, तो येतोच. गूगलचे पत्ते अडवले तर आपल्याच ग्राहकांची निम्मी पत्रं बंद पडतील, म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणजे शिक्षा अपराधावरून नाही, आकारावरून ठरते. मोठा सुटतो, लहान अडकतो, आणि हळूहळू प्रत्येक लहान संस्थेला दोन-तीन बड्या कंपन्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं. ज्या पद्धतीचा परिणाम असा, तिला तटस्थ कसं म्हणायचं?

खरा अपराधी तर केव्हाच पत्ता बदलून मोकळा होतो. त्याच्या हाती इतरांची बाधित यंत्रं असतात. एक अडवलं की दुसरं. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत तर एका साध्या घरगुती जोडणीलाही मोजता न येण्याइतके पत्ते मिळतात, त्यामुळे सुटे पत्ते नोंदवून काही साधत नाही. मग पत्त्यांचे आख्खे पट्टे नोंदवले जातात आणि शेजारी भरडले जातात. काही याद्या पूर्ण सेवादात्याचंच जाळं नोंदवतात.

समूहावरून अपराध ठरवण्याची ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसाची कृती न बघता त्याचा जन्म बघितला. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली गेली आणि कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. त्या यातनांशी परत आलेल्या पत्राची तुलना कोणी करू नये, मीही करत नाही. पण एकाच्या कृत्यासाठी सगळ्यांना नोंदवायचं आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचं ओझं नोंदवलेल्यावर टाकायचं, हा तर्क तिथेही सदोष होता, इथेही आहे.

यादी चालवणाऱ्यावर विसंबणं किती धोक्याचं, याचे दाखलेही आहेत. ओआरडीबी ही यादी २००६च्या डिसेंबरात बंद झाली, पण अनेक सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८मध्ये तिनं प्रत्येक पत्त्याला ‘यादीत आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि त्या सर्व्हरांनी आलेलं प्रत्येक पत्र परतवलं. २००३मध्ये ओसिरुसॉफ्टच्या यादीनंही बंद होताना हेच केलं होतं.

मग करायचं काय? यादी फेकून द्या असं मी म्हणत नाही. तिची साक्ष घ्या, निकाल तिच्यावर सोडू नका. पत्र त्या डोमेनचंच आहे का, हे एसपीएफ आणि डीकेआयएम या पडताळणीच्या पद्धती सांगतात. मजकुराचं वजन करण्याची सांख्यिकी पद्धत पॉल ग्रॅहम यांनी २००२मध्येच लोकांपुढे मांडली. या सगळ्यांना गुण द्यावेत, यादीलाही द्यावेत, आणि बेरीज बघून ठरवावं. शंका असेल तर पत्र स्पॅमच्या कप्प्यात टाकावं, म्हणजे घेणाऱ्याला ते निदान शोधता येईल. याद्या कशा चालवाव्यात यावर आरएफसी ६४७१ हा दस्तऐवज जानेवारी २०१२मध्ये निघाला. नोंदी तात्पुरत्या असाव्यात असं तो सांगतो आणि नाव काढण्यासाठी पैसे मागणं खंडणीच्या जवळ जातं, असंही बजावतो. तरी आजही लवकर सुटका हवी तर शुल्क भरा म्हणणाऱ्या याद्या आहेत. आपल्या सर्व्हरवर कोणती यादी लावली आहे, ती नोंद किती दिवस ठेवते आणि सुटकेचे पैसे घेते का, हे तीन प्रश्न प्रत्येक बँकेनं, महाविद्यालयानं आणि सरकारी कार्यालयानं आपल्या मेल सांभाळणाऱ्याला विचारायला हवेत.