नाताळची पंगत

25 डिसेंबरच्या दुपारी रोम शहर जेवायला घरी जातं. दुकानं बंद, कॅफे बंद, बसगाड्यासुद्धा दुपारचे काही तास जागच्या जागी. नाताळ घरच्यांसोबत, ईस्टर हवा त्याच्यासोबत, अशी इटालियन लोकांची म्हणच आहे. पण ज्याचं घरचं कुणी उरलेलं नाही, त्याला त्या दुपारी कॉफीच्या निमित्तानंही चार माणसांत बसायला जागा सापडत नाही.

1982 साली अशाच एका दुपारी, ट्रास्टेवेरे भागातल्या सांता मारिया बॅसिलिकेत बाकं बाजूला सारून जेवणाचं टेबल मांडलं गेलं. पाहुणे जेमतेम वीस. आसपासच्या गल्ल्यांत एकटे राहणारे काही म्हातारे-म्हाताऱ्या आणि रस्त्यावर झोपणारे काहीजण. यजमान होती सांतेजिदियो नावाची मंडळी. 1968 साली, युरोपभर विद्यार्थी पेटले होते तेव्हा, आंद्रेया रिक्कार्दी या अठरा वर्षांच्या मुलानं आपल्या शाळासोबत्यांना जमवलं. ही पोरं बायबल वाचायची आणि शहराच्या कडेच्या झोपडवस्तीत मुलांना शिकवायला जायची. पुढे ट्रास्टेवेरेतल्या सांतेजिदियो चर्चलगतचा जुना मठ त्यांना मिळाला आणि तेच नाव त्यांना चिकटलं.

जेवण देवळातच का, सभागृहात का नाही, असा प्रश्न पडू शकतो. पण या जागेची आठवणच तशी आहे. रोमन काळात इथे ‘ताबेर्ना मेरितोरिया’ म्हणजे निवृत्त सैनिकांचं आश्रयस्थान होतं, आणि ख्रिस्तजन्माच्या काही वर्षं आधी तिथल्या जमिनीतून तेलाचा झरा फुटला, अशी परंपरा सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरीस पिएत्रो कावाल्लिनीनं बॅसिलिकेत येशूजन्माचं मोझेक चित्र केलं, त्यात गव्हाणीखाली ते आश्रयस्थान नावासकट दाखवलं आहे आणि तेलाचा ओघळही. झऱ्याची गोष्ट ज्यानं त्यानं आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. म्हाताऱ्या, थकलेल्या माणसांसाठी राखलेली जागा ही तिची ओळख मात्र झऱ्याहून जुनी ठरते.

टेबलाची परंपरा तर आणखी ठळक. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप झालेले संत ग्रेगरी रोज बारा गरिबांना आपल्याकडे जेवू घालत. एके दिवशी तेरावा येऊन बसला, तो देवदूत निघाला, अशी कथा आहे. त्यांचं म्हणून दाखवलं जाणारं संगमरवरी टेबल रोमच्या चेलिओ टेकडीवर अजून आहे. एकनाथांच्या घरी पाणी भरणारा श्रीखंड्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा तेरावा पाहुणा परका वाटणार नाही.

अन्नछत्रं रोममध्ये आधीही होती. तिथे माणूस रांगेत उभा राहतो, ताट घेतो, चालू लागतो. इथे आधी आमंत्रण जातं, नाव घालून. लझान्या, खिम्याचा रोल, मसूर, शेवटी पानेत्तोने हा गोड पाव, म्हणजे कुठल्याही इटालियन घरात त्या दिवशी असतं तसंच जेवण. मुसलमान पाहुण्यांसाठी डुकराचं मांस वगळलेलं. भेटवस्तूही नाव लिहून, त्या माणसाला उपयोगी पडेल अशी. वाढणारेही मध्येच पाहुण्यांशेजारी जेवायला बसतात. पंक्तिभेद हा शब्द आपल्याला तयार मिळाला आहे, तो मोडणं म्हणजे काय हे या टेबलावर दिसतं. 2009 साली पोप बेनेडिक्ट सोळावे याच मंडळींच्या भोजनगृहात जेवायला आले, तेव्हा त्यांच्याही नजरेत हेच भरलं होतं: सेवा करणारा कोण आणि घेणारा कोण, ते इथे ओळखू येत नाही.

एका दिवसाच्या जेवणानं काय होतं, हा आक्षेप जुना आहे आणि खोटाही नाही. वर्षभर ओळख नसताना नाताळला ताट वाढणं हे वाढणाऱ्याच्याच समाधानाचं काम होऊ शकतं. सांतेजिदियोचं पारडं जड होतं ते बाकीच्या दिवसांमुळे. कुठे जेवावं, झोपावं, आंघोळ करावी हे सांगणारी बेघरांसाठीची पुस्तिका ते दरवर्षी काढतात. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेनं हजारो वृद्ध दगावले, कित्येक बंद घरात एकटेच. त्यानंतर 2004 साली या मंडळींनी ट्रास्टेवेरेतल्या वृद्धांना नियमित फोन करणं, भेटणं, दुकानदार-शेजाऱ्यांना त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगणं सुरू केलं. एकटेपणाचा हंगाम डिसेंबरपुरता नसतो, ऑगस्टही तितकाच वाईट.

त्या वीसजणांच्या टेबलाची आज सत्तरहून अधिक देशांत टेबलं झाली आहेत. ट्रास्टेवेरेतल्याच रेजिना चेली तुरुंगातही नाताळचं जेवण मांडलं जातं.

पहिल्या जेवणाला सव्वा महिना होतो न होतो तोच, 31 जानेवारी 1983 रोजी, तेर्मिनी रेल्वे स्थानकाजवळ राहणारी 71 वर्षांची मोदेस्ता वालेंती आजारी पडली. तिच्या अंगावर उवा होत्या म्हणून रुग्णवाहिकेनं तिला घ्यायला नकार दिला. मदतीची वाट बघत काही तासांनी ती तिथेच गेली. सांतेजिदियोची माणसं दरवर्षी तिची आठवण म्हणून प्रार्थना करतात आणि रस्त्यावर मेलेल्या इतरांची नावं एकेक करून वाचतात. रोम नगरपालिकेनं पुढे एका रस्त्याला तिचं नाव दिलं. ‘व्हिया मोदेस्ता वालेंती’ नावाचा असा रस्ता शहरात प्रत्यक्षात नाही. ज्यांना घर नाही, त्यांच्या सरकारी नोंदीत पत्ता म्हणून तो लिहिला जातो.