गासड्यांसोबत आलेलं नाव

मुंबईच्या हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनच्या नावातलं ‘ग्रीन’ रंगाचं नाही. हा इंग्रजी शब्द अनेक कामं करतो. रंग तर झालाच. पालेभाजीही ग्रीन, गोल्फच्या खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळही ग्रीन, अननुभवी पोरगाही ग्रीन. १९८० मध्ये जर्मनीत ग्रीन पक्ष निघाला आणि पर्यावरणाच्या राजकारणालाही तेच नाव चिकटलं. ‘ग्रो’ आणि ‘ग्रास’ या शब्दांशी त्याचं मूळ एकच: उगवणारं, वाढणारं ते ग्रीन. त्यातूनच गावात सर्वांसाठी राखलेल्या गवताळ जागेला इंग्लंडात ग्रीन म्हणू लागले. लंडनचं बेथनल ग्रीन त्यातलंच. आपल्या गायरानाची ही चुलत बहीण.

कंपनी सरकारबरोबर हा अर्थ मुंबईत आला. फोर्टमध्ये १७१८ साली खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चसमोरचं पटांगण म्हणजे बॉम्बे ग्रीन. परदेशी जाणारा कापूस इथे येऊन पडे, गलबतावर चढेपर्यंत गासड्यांच्या थप्प्या उघड्यावर लागत. पाहता पाहता पटांगण कापसाचंच, ‘कॉटन ग्रीन’ झालं. पण भर वस्तीत एवढा कापूस म्हणजे आगीला निमंत्रण, आणि १८०३ च्या आगीत फोर्टचा मोठा भाग जळालेला. १८४४ मध्ये कापूस कुलाब्याला हलवला. मोकळ्या झालेल्या पटांगणाभोवती पुढे, १८६० च्या दशकात, पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून एल्फिन्स्टन सर्कल आकाराला येऊ लागलं. तेच आजचं हॉर्निमन सर्कल.

‘कॉटन ग्रीन’ हे नाव मात्र कापसाबरोबर कुलाब्याला गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापसाचा पुरवठा तोडला, तेव्हा मुंबईने सोनं लुटलं ते याच कुलाब्याच्या कापसावर.

तिसरा मुक्काम शिवडीचा. समुद्र हटवून पोर्ट ट्रस्टने मिळवलेल्या जमिनीवर १९२० च्या दशकात पक्की गोदामं आणि कॉटन एक्स्चेंज उभं राहिलं. जाणकार गासडीतून रुईचा पुंजका उपसायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत पुन्हा पुन्हा ओढून तंतू सरळ करायचा आणि लांबी, मजबुती, कचरा डोळ्यांनी आणि बोटांनी जोखायचा. त्यावर भाव ठरे. इथे गवताळ पटांगण नव्हतं. नाव आलं ते केवळ धंद्याच्या सवयीने, म्हणूनच ते मोलाचं.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यात कॉटन ग्रीनचं काळाचौकी करायचं ठरलं. काळाचौकी हे नाव जुनं, इथल्या कामगारांच्या तोंडचं, त्याला मान हवाच. पण याच लाइनवरच्या सँडहर्स्ट रोड आणि रे रोड या स्टेशनांच्या नावातले सँडहर्स्ट आणि रे हे गव्हर्नर होते. कॉटन ग्रीन कुठल्याही साहेबाचं नाव नाही. ते मुंबईला मोठं करणाऱ्या धंद्याचं नाव आहे. पाटी बदलली तरी फलाटावर हा इतिहास मराठीत लिहिलेला एक फलक रेल्वेने लावावा.