ओलेक्सांद्र झिंचेन्को : मध्यफळीत घडलेला युक्रेनचा बचावपटू

ओलेक्सांद्र झिंचेन्को हा युक्रेनचा फुटबॉलपटू. इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल या क्लबांकडून तो लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळला. सिटीकडून त्याने चार वेळा प्रीमियर लीग जिंकली. युक्रेनच्या राष्ट्रीय संघात मात्र त्याला बहुतेक वेळा मध्यफळीत खेळवले जाते. एकच खेळाडू क्लबसाठी बचावपटू आणि देशासाठी मध्यफळीतला, असे का? त्याचे उत्तर त्याच्या कारकिर्दीत सापडते, आणि त्या कारकिर्दीवर २०१४ पासून युद्धाची सावली आहे.

बालपण आणि शाख्तार

झिंचेन्कोचा जन्म १५ डिसेंबर १९९६ रोजी रादोमिश्ल येथे झाला. हे युक्रेनची राजधानी कीव्हच्या पश्चिमेला झितोमिर प्रांतातले छोटे गाव आहे. फुटबॉलचे पहिले धडे त्याने तिथल्याच क्लबमध्ये गिरवले. पुढे तो दोनेत्स्क शहरातील शाख्तार दोनेत्स्क या नामांकित क्लबच्या युवा अकादमीत दाखल झाला. तेव्हा तो मध्यफळीत खेळायचा. चेंडूवर ताबा ठेवणे, अचूक पास देणे आणि आक्रमणाची आखणी करणे हे त्याचे गुण तिथे दिसू लागले आणि शाख्तारच्या युवा संघाचे कर्णधारपदही त्याच्याकडे आले.

२०१४ मध्ये दोनबास भागात लढाई पेटली. शाख्तारला आपले शहर आणि स्टेडियम सोडावे लागले. हा क्लब तेव्हापासून आजवर घरच्या मैदानावर परतलेला नाही. ल्विव्ह, खार्किव्ह, कीव्ह अशा दुसऱ्या शहरांत त्याला आपले ‘घरचे’ सामने खेळावे लागले. याच काळात किशोरवयीन झिंचेन्को कुटुंबासह रशियात गेला.

उफामधले दिवस

शाख्तारशी असलेल्या कराराच्या वादामुळे काही महिने त्याला अधिकृत सामना खेळता आला नाही. उमलत्या वयातल्या खेळाडूसाठी असा खंड घातक ठरू शकतो. अखेर २०१५ मध्ये उरल पर्वताजवळच्या उफा शहरातील एफसी उफा या रशियन क्लबने त्याला संधी दिली. व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवात अशा प्रकारे रशियन लीगमध्ये झाली.

उफाकडून खेळत असतानाच त्याला युक्रेनच्या वरिष्ठ संघाचे बोलावणे आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्पेनविरुद्ध युरो पात्रता फेरीत त्याने पदार्पण केले. २९ मे २०१६ रोजी रोमानियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने देशासाठी पहिला गोल केला. तेव्हा त्याचे वय होते १९ वर्षे. युक्रेनसाठी सर्वात कमी वयात गोल करण्याचा आंद्रिय शेवचेन्कोचा विक्रम त्याने मोडला. शेवचेन्को हा युक्रेनचा आजवरचा सर्वात यशस्वी गोलकर्ता आहे, हे लक्षात घेतले की या विक्रमाचे मोल कळते.

मँचेस्टर सिटी : नाइलाजाने झालेला बचावपटू

जुलै २०१६ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले. पहिला हंगाम त्याने नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंडहोव्हन क्लबमध्ये लोनवर, म्हणजे उसनवारीवर काढला. तिथे त्याला मोजकेच सामने मिळाले आणि काही काळ राखीव संघाकडूनही खेळावे लागले. सिटीत परतल्यावर मध्यफळीत जागा मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती, कारण तिथे जगातले उत्तम खेळाडू होते.

सप्टेंबर २०१७ मध्ये सिटीचा लेफ्ट बॅक बेंजामिन मेंडी गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला. प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी त्या जागी फेबियन डेल्फ आणि झिंचेन्को या मध्यफळीतल्या दोघांना आजमावले. २०१८ च्या उन्हाळ्यात वुल्व्ज क्लबने झिंचेन्कोसाठी सिटीशी व्यवहार ठरवला होता, पण त्याने सिटीत राहून जागेसाठी झगडायचे ठरवले. पुढच्याच हंगामात तो संघात स्थिरावला.

सिटीकडून त्याने २०१७-१८, २०१८-१९, २०२०-२१ आणि २०२१-२२ अशा चार हंगामांत प्रीमियर लीग जिंकली. २०२१ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातही तो सुरुवातीपासून खेळला, मात्र पोर्तो येथे झालेल्या त्या सामन्यात चेल्सीने सिटीला १-० असे हरवले.

‘आत येणारा’ बचावपटू म्हणजे काय?

पारंपरिक लेफ्ट बॅक दोन कामे करतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असेल तर डावी बाजू राखायची, आणि आपल्याकडे असेल तर मैदानाच्या कडेने पुढे धावत जाऊन गोलसमोर क्रॉस द्यायचा. झिंचेन्कोचा खेळ वेगळा आहे. संघाकडे चेंडू आला की तो कडेला न राहता मैदानाच्या मध्यभागी येतो आणि मध्यफळीतल्या खेळाडूच्या शेजारी उभा राहतो.

याचा फायदा असा, की मध्यभागी संघाचा एक माणूस वाढतो. पास द्यायला जास्त वाटा मिळतात आणि पुढच्या फळीतले खेळाडू मोकळे होतात. लहानपणापासून मध्यफळीत खेळल्यामुळे झिंचेन्कोला ही जागा परकी नव्हती.

तोटाही उघड आहे. चेंडू अचानक गमावला, तर त्याने सोडलेली डावी बाजू मोकळी पडते. वेगवान प्रतिस्पर्धी नेमके तिथूनच हल्ला चढवतात. झिंचेन्कोवर झालेली बहुतेक टीका याच मुद्द्यावर आहे, आणि ती निराधार नाही.

युरो स्पर्धेतली ग्लासगोची रात्र

२०२० ची युरो स्पर्धा कोरोनामुळे २०२१ मध्ये झाली. प्रशिक्षकपदी शेवचेन्कोच होते. २९ जून रोजी ग्लासगो येथे स्वीडनविरुद्ध बाद फेरीच्या सामन्यात झिंचेन्कोने २७ व्या मिनिटाला पहिला गोल केला. स्वीडनने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. पेनल्टी शूटआउट अटळ वाटत असताना, अगदी शेवटच्या क्षणी झिंचेन्कोच्या क्रॉसवर आर्तेम डोव्बिकने हेडरने गोल केला. २-१ अशा विजयासह युक्रेनने प्रथमच युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश केला. तिथे इंग्लंडने त्यांना ४-० असे हरवले.

२०२२ : युद्ध आणि मैदान

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केले. दोनच दिवसांनी एव्हर्टन आणि सिटी यांचा सामना होता. सामन्यापूर्वी झिंचेन्को आणि एव्हर्टनचा युक्रेनियन बचावपटू विताली मिकोलेन्को यांनी एकमेकांना मिठी मारली. सारे स्टेडियम उभे होते आणि झिंचेन्कोला अश्रू आवरत नव्हते. १ मार्च रोजी एफए चषकात पीटरबरोविरुद्धच्या सामन्यात सिटीचा कर्णधार फर्नांडिन्होने कर्णधारपदाची पट्टी त्याच्या हाती दिली.

युक्रेनमधली लीग बंद पडली होती. तिथल्या क्लबांचे खेळाडू अनेक महिने स्पर्धात्मक सामन्याविना होते. अशा अवस्थेत १ जून रोजी, पुन्हा ग्लासगोमध्येच, विश्वचषक पात्रतेचा प्लेऑफ सामना झाला. आदल्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत मायदेशाबद्दल बोलताना झिंचेन्कोला रडू फुटले. युक्रेनने स्कॉटलंडला ३-१ असे हरवले. पण चारच दिवसांनी कार्डिफमध्ये वेल्सकडून ०-१ असा पराभव झाला आणि विश्वचषकाचे स्वप्न तुटले.

या दोन घटनांच्या काही दिवस आधी, २२ मे रोजी, सिटीने ॲस्टन व्हिलाविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढत ३-२ असा विजय मिळवला आणि लीग जिंकली. झिंचेन्को मध्यंतरानंतर मैदानात उतरला होता. विजेतेपदाचा चषक त्याने युक्रेनच्या झेंड्यात गुंडाळून उंचावला.

आर्सेनल आणि त्यानंतर

जुलै २०२२ मध्ये तो आर्सेनलमध्ये गेला. तिथले प्रशिक्षक मिकेल आर्टेटा पूर्वी सिटीत ग्वार्डिओलांचे सहायक होते, त्यामुळे झिंचेन्कोचा खेळ त्यांना नेमका ठाऊक होता. २०२२-२३ च्या हंगामात आर्सेनल बराच काळ अव्वल स्थानी होता, पण अखेरच्या टप्प्यात घसरून ८४ गुणांसह दुसरा आला. ८९ गुण मिळवून विजेता ठरला तो सिटी, झिंचेन्कोचा जुना क्लब.

पुढे दुखापती आणि नव्या बचावपटूंच्या आगमनामुळे त्याचे संघातले स्थान डळमळीत झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये आर्सेनलने त्याला नॉटिंगहॅम फॉरेस्टला लोनवर दिले.

२०२४ च्या युरो स्पर्धेत युक्रेनचा संघ गटातच बाद झाला. गटातल्या चारही संघांचे प्रत्येकी चार गुण होते, पण गोलफरकामुळे युक्रेन तळाला राहिला.

मैदानाबाहेर

ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर युक्रेनच्या मदतीसाठी एक सामना भरवण्यात आला. त्यात एका संघाचे नेतृत्व शेवचेन्कोने केले, दुसऱ्याचे झिंचेन्कोने. २०२४ मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत, देशाने बोलावले तर आपण लढायला जाऊ, असे त्याने स्पष्ट सांगितले. ‘बिलीव्ह’ हे त्याचे आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

झिंचेन्कोची पदके मोजता येतात. पण त्याच्या पिढीच्या युक्रेनियन खेळाडूंना जे निर्णय घ्यावे लागले, ते पदकांच्या यादीत दिसत नाहीत. ज्या शहरात तो घडला तिथे त्याचा क्लब आज खेळू शकत नाही. ज्या देशाच्या लीगने त्याला पहिली संधी दिली, त्याच देशाचे सैन्य आज त्याच्या मायदेशात आहे. ही कारकीर्द समजून घ्यायची तर या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.