१९२ मतं : सांगोल्यात आबासाहेबांना पाडणं म्हणजे काय होतं

आमच्या तालुक्यात सध्या 'यंदा बदल' हा विषय जोरात आहे. चहाच्या टपरीवर तेच, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच, लग्नाच्या पंगतीतही तेच. परवा त्यातली चार पोरं माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, वर्षानुवर्षं बसलेला आमदार लोकांनी पाडल्याचं एखादं उदाहरण सांगा ना, पोस्ट टाकायची आहे." मी म्हटलं, सांगोला. त्यांना सांगोल्याचं 'काय झाडी, काय डोंगार' एवढंच माहीत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, सवडीनं वाचा.

गणपतराव देशमुख. सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे. वकील माणूस, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. १९६२ ला शेकापकडून सांगोल्यात पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ ला अकराव्यांदा. पक्ष एकच, मतदारसंघ एकच. १९७८ च्या पुलोद सरकारात मंत्री, १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात पुन्हा मंत्री. आणि प्रवास एसटीनं. हे एसटीचं कौतुक आपण पत्रकारांनी इतकं लिहिलं की बाकीचं लिहायचं राहूनच गेलं.

बाकीचं म्हणजे हे, की या माणसाला पाडण्याचे प्रयत्न त्या तालुक्यात पन्नास वर्षं चालू होते. सोलापूर जिल्हा काँग्रेसचा, कारखाने काँग्रेसचे, बँका काँग्रेसच्या, आणि मधेच सांगोला लाल बावट्याचा. हे सलत नसेल असं कसं होईल? १९७२ च्या काँग्रेस लाटेत आबासाहेब एकदा पडले होते. पण दोन वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि परत आले. त्यानंतर ७८, ८०, ८५, ९० असे सलग.

आता विरोधकाची अडचण बघा. भ्रष्टाचार काढावा तर सापडत नाही. पक्ष बदलला म्हणावं तर बदललेला नाही. लोकांना भेटत नाहीत म्हणावं तर माणूस स्टँडवर उभा. जातीचं गणितही पूर्ण जुळत नव्हतं. धनगर समाज तालुक्यात मोठा, आबासाहेब त्याच समाजाचे, पण नुसत्या एका समाजाच्या मतांवर अकरा वेळा कोणी निवडून येत नाही. मग विरोधकाच्या हातात एकच हत्यार उरलं, पाणी. "साधेपणानं पोट भरतं का? इतकी वर्षं आमदार, पाणी कुठंय?"

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न खोटा नव्हता. सांगोला म्हणजे माणदेशाची कड. माण नदी बहुतेक वर्षं नुसती वाळू. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात आबासाहेबांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती नीट चालवून दाखवली, हे खरं. १९९० च्या सुमाराला रोजगार हमीतून फळबागेची योजना आली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभं राहिलं, हेही खरं. पण डाळिंब कमी पाण्यावर येतं, पाण्याशिवाय नाही. टँकर यायचे ते यायचेच.

१९९३ ला आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला समन्यायी वाटा, ही मागणी. म्हणजे ज्या प्रश्नावर विरोधक त्यांना पाडायला निघाले होते, त्याच प्रश्नावर ते स्वतः आंदोलनात होते. पण आंदोलन नळाला पाणी आणत नाही, निदान लगेच तरी नाही.

आली १९९५ ची निवडणूक. काँग्रेसकडून शहाजीबापू पाटील. तरुण, बोलायला फर्डा, गावरान भाषेत सभा गाजवणारा गडी. मतपत्रिकांचा जमाना, मोजणी हातानं. आमचे एक मामा कट्टर शेकापवाले. मी तेव्हा दहावीला होतो. मामा रेडिओला कान लावून बसलेले आणि एकदम म्हणाले, "आबा पडलं." पुढं दिवसभर बोलले नाहीत. फरक १९२ मतांचा.

१९२ म्हणजे किती हो? एखाद्या वाडीवरची मतं. एका गल्लीतल्या रुसव्याफुगव्यानं इकडची तिकडं होतात तेवढी. याला लाट म्हणत नाहीत. तालुका बरोब्बर मधोमध फाटला होता, एवढाच त्याचा अर्थ.

गंमत अशी की ज्या वर्षी काँग्रेसनं सांगोला जिंकलं, त्याच वर्षी काँग्रेसचं राज्य गेलं. युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. "सत्तेचा आमदार आणा, पाणी आणा" म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांचा आमदार विरोधी बाकावर. पुढच्या वर्षी कृष्णा खोरे महामंडळ झालं, पण कालव्याच्या टोकाला असलेल्या तालुक्याला पाणी कधी, हा प्रश्न जिथल्या तिथं.

आबासाहेब तेव्हा सत्तरीजवळ. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता किंवा पक्ष बदलला असता. यांनी पाणी परिषदही सोडली नाही आणि शेकापही. १९९९ ला परत निवडून आले, मग २००४, २००९, २०१४. शहाजीबापूंना दुसरी आमदारकी मिळायला चोवीस वर्षं लागली. तोवर ते शिवसेनेत होते.

आणि ती मिळाली तेव्हा समोर आबासाहेब नव्हतेच. २०१९ ला त्यांनी वयामुळे थांबायचं ठरवलं. शेकापमध्ये उमेदवारीवरून गोंधळ झाला, शेवटी नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. राष्ट्रवादीचे दीपकआबा साळुंखे त्या वेळी शहाजीबापूंच्या बाजूला होते. २०२४ ला तेच दीपकआबा मशाल घेऊन स्वतः उभे राहिले आणि पन्नास हजारांवर मतं घेतली. दुसरे नातू, डॉक्टर बाबासाहेब देशमुख, पंचवीस हजारांच्या फरकानं आले. बापू आणि दीपकआबा यांची मतं एकत्र मांडून बघा, बाबासाहेबांपेक्षा जास्त भरतात. सांगोल्याचं गुपित म्हणायचं तर हेच. विरोधातले दोघं एका गाडीत बसले की जागा जाते, तीही काठावर. वेगळे झाले की शेकाप परत.

२०२१ च्या जुलैमध्ये आबासाहेब गेले. टेंभूचं पाणी माण नदीत आलेलं त्यांनी पाहिलं. उजनीच्या दोन टीएमसीचा विषय मात्र त्यांच्यामागेही प्रचारात होताच.

पोरांना हे सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "सर, यातून घोषणा काय करायची?" मी विचारलं, तुमच्याकडं इच्छुक किती? म्हणाला, पाच. पाचांपैकी चार कोणासाठी थांबणार, हे विचारून या म्हटलं. अजून आलेले नाहीत.

सांगोल्याकडचं कोणी वाचत असेल आणि ९५ च्या मोजणीच्या टेबलावर बसलेलं असेल, तर ती १९२ कुठल्या गावांनी फिरवली ते जरूर कळवा. मामा जाईपर्यंत तेच विचारत होते.