चांदीवरचा डाग

माझे मामा कर्जतहून खोपोली लोकलने खालापूर तालुक्यातल्या एका रासायनिक कारखान्यात जात. एका पावसाळ्यात ते रात्रपाळीहून दुपारी परतले आणि आईला एवढंच म्हणाले, ''ताई, कॅटॅलिस्ट मेला.'' वायूतून आलेल्या गंधकाने उत्प्रेरकाचा अख्खा थर निकामी केला होता. ठपका पाळीवर आला. मुळात निर्जीव असलेली वस्तू मरते कशी, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून राहिला. त्याचा माग काढताना मी एका विस्मरणात गेलेल्या अणुभट्टीपाशी पोचलो.

अमेरिकेत ओक रिज इथे १९५७च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या या प्रायोगिक भट्टीत इंधनाच्या कांड्या नव्हत्या. युरेनियमचा क्षार जड पाण्यात विरघळवलेला, म्हणजे इंधन आणि पाणी एकच. किरणोत्साराने पाणी फुटून हायड्रोजन व ऑक्सिजन सुटत. हे मिश्रण साठलं तर स्फोट ठरलेला. म्हणून ते प्लॅटिनमवरून नेऊन पुन्हा पाणी बनवायचं. पण युरेनियमच्या विखंडनातून आयोडीनही जन्मतं आणि वाफ होऊन त्याच वायूंबरोबर निघतं. प्लॅटिनमचं काम चालतं फक्त पृष्ठभागावर. आयोडीन तिथे चिकटून बसलं की वायूंना जागाच उरत नाही. किरणोत्साराचा इथे संबंध नाही. जखमेवर लावायच्या टिंक्चरमधलं आयोडीनही हेच करील.

उपाय म्हणून वायूंच्या वाटेत, प्लॅटिनमच्या आधी, चांदी ठेवली गेली. चांदीची ही ओढ जुनीच माहितीची. १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या दागेरच्या छायाचित्रणात चांदीचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरत. त्यावर प्रकाशाला संवेदनशील असा सिल्व्हर आयोडाइडचा थर चढे. छायाचित्रकाराला हवा असलेला तोच डाग इथे पहारेकरी झाला. चांदी मात्र यात खर्ची पडते.

आपल्याकडे ट्रॉम्बेला १९८४मध्ये 'पूर्णिमा-२' ही द्रावण-इंधनाची भट्टी चालली. तिच्यात थोरियमपासून मिळवलेलं युरेनियम-२३३ होतं. शक्ती नाममात्र, त्यामुळे वायूंचा प्रश्न ओक रिजइतका तीव्र नव्हता. ओक रिजची भट्टी १९६१मध्येच थांबली होती.

उत्प्रेरक मात्र टिकला. मार्च २०११मध्ये फुकुशिमाच्या इमारती हायड्रोजनने उडाल्या, त्यानंतर भारतीय अणुकेंद्रांतही विजेविना चालणारे असे संयोजक बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं. अपघातात आयोडीन भट्टीभोवतालच्या हवेतच मिसळलेलं असतं. तिथे आधी चांदी ठेवायला वाट कुठली? म्हणून उत्प्रेरकालाच आयोडीनच्या वाफेत ठेवून त्याची परीक्षा घेतात.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''अरे, आमच्याकडेही त्या थराच्या आधी गंधक धरायला झिंक ऑक्साइड होतं. ते बदलायची तारीख उलटून गेली होती.''